साक्रीत पाहण्यासारखे काय आहे?

पाहुणा हा देवासारखा असतो, असे आपल्या शास्त्रकारांनी सांगून ठेवले आहे. पण देव एकदा मखरात बसला की दीड दिवस जागचा हलत नाही. पाहुण्याला गाव पाहायचे असते. त्याला गावात काय दाखवावे, याविषयी शास्त्रकारांनी एक अक्षरही लिहिलेले नाही. ही उणीव मला गेल्या नाताळच्या सुटीत फार जाणवली.

झाले असे की, माझ्या एका जुन्या मित्राचा निरोप आला. हल्ली पत्र येत नाही. खिशात खुट्ट होते आणि निरोप उमटतो. "शनिवारी पहाटे पोचतो. दोन दिवस तुझ्याकडे. साक्रीत पाहण्यासारखं काय आहे ते ठरवून ठेव." एवढाच मजकूर. हा गृहस्थ गेली एकवीस वर्षे हॉलंडात डेल्फ्ट नावाच्या गावी राहतो. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसत होतो. पुढे तो पाण्याचे शास्त्र शिकायला परदेशी गेला आणि तिथलाच झाला. मी मराठीचा एम.ए. झालो आणि अठरा वर्षांपूर्वी साक्रीला आलो. म्हणजे तसे पाहिले तर दोघेही परमुलखातच गेलो. माझ्या आईच्या लेखी तर त्याच्यापेक्षा मीच अधिक दूर गेलो होतो. नेमणुकीचा कागद आला तेव्हा तिने विचारले होते, "साखरी? ती कोकणातली का?"

"नाही ग. धुळ्याच्या पुढे."

"धुळ्याच्या पुढेही गावं आहेत?" असे म्हणून तिने लोणच्याच्या दोन बरण्या अशा काही बांधून दिल्या, की जणू मी गलबतात बसून निघालो होतो.

तीन वर्षांपूर्वी या मित्राने आग्रहाने, स्वतःच्या खर्चाने, मला आठ दिवस डेल्फ्टला नेले होते. त्या पाहुणचाराचे उसने माझ्या डोक्यावर होते. त्याने मला जे जे दाखवले त्याची आठवण झाली की माझ्या पोटात गोळा उठे. काठोकाठ भरलेले कालवे, त्यांवरचे कमानदार पूल, साडेतीनशेच्या वर पायऱ्यांचा चर्चचा मनोरा (तो त्याने मला चढायला लावला आणि स्वतः खाली कॉफी पीत बसला), निळ्या नक्षीची चिनी मातीची भांडी. व्हर्मीर हा जगप्रसिद्ध चित्रकार 1632 साली त्या गावात जन्मला आणि 1675 साली तिथेच वारला. पण त्याचे एकही मूळ चित्र आज त्या गावात नाही. तरीही त्याच्या चित्रांच्या प्रतिकृती तिकीट लावून दाखवतात, आणि लोक रांग लावून पाहतात! जे नाही तेही दाखवून पैसे घेणारे ते गाव. आणि माझे हे साक्री; जे आहे तेही कुणाला दाखवावे हे न कळणारे.

आमच्या घरात शुक्रवारी रात्री या विषयावर बैठक बसली. सौ.चे म्हणणे पडले, "आधी पडदे धुवायला हवेत." मी म्हटले, "तो पडदे पाहायला येत नाही, गाव पाहायला येतो आहे." त्यावर, "गाव तुमच्या हातात नाही, पडदे माझ्या हातात आहेत," असे बिनतोड उत्तर मिळाले. मी कागद घेऊन यादी करायला बसलो. आमची कन्या, इयत्ता आठवी, मधेच डोकावून म्हणाली, "बाबा, तुम्ही अठरा वर्षं इथे आहात आणि तुम्हांला यादी करावी लागते?" मी तिला अभ्यासाला बसायला सांगितले. बिनतोड प्रश्नांना शिक्षकांपाशी हे एकच उत्तर असते.

शनिवारी पहाटे कडाक्याच्या थंडीत स्वारी एस.टी.तून उतरली. स्टँडसमोरच्या टपरीवर आम्ही चहाला थांबलो. टपरीवाल्याने मित्राला नखशिखांत न्याहाळले आणि मला विचारले, "पाव्हना कोठला शेतस, सर?" मी म्हटले, "हॉलंडचे." तो मान डोलवून म्हणाला, "बरं. पाव्हनासले साखर कमी का जास्ती?" हॉलंड आणि हातेड त्याला सारखेच. पैसे त्याने घेतले नाहीत. मित्र मला हळूच म्हणाला, "डेल्फ्टमध्ये एकवीस वर्षांत मला कुणी फुकट कॉफी पाजली नाही." माझी छाती इंचभर फुगली. यादीत चहाची टपरी नव्हती.

तिथून चालत आम्ही पुलावर आलो. मित्राने इकडेतिकडे पाहून विचारले, "नदी कुठे आहे?"

"तू तिच्यावर उभा आहेस."

खाली कान नदी होती. म्हणजे वाळू होती, गोटे होते, आणि मधून पाण्याची एक धार, एखाद्याने बादली सांडावी तशी. काठोकाठ कालव्यांच्या गावाहून आलेला तो माणूस बराच वेळ वाकून पाहत राहिला. मी म्हणालो, "पावसाळ्यात ये. वर मालनगावला धरण आहे, तिथून..." पण पाहुण्याला 'पावसाळ्यात ये' म्हणणे म्हणजे आजचे ताट आजच उचलण्यासारखे आहे, हे माझ्या ध्यानात आले आणि मी गप्प बसलो.

एका माजी विद्यार्थ्याने जीप आणली होती. हा मुलगा माझ्या हाताखाली दोनदा मराठीत नापास झाला होता. तरी त्याचा लोभ आटला नाही. त्याने यादी पाहिली, घडी करून खिशात घातली आणि म्हणाला, "मी दाखवतो सर." सूर्य वर आला तेव्हा आम्ही शिवाजीनगरच्या सौर प्रकल्पाशी होतो. 2013 साली इथे महानिर्मितीने 125 मेगावॉटचा प्रकल्प उभा केला, त्याला जर्मनीच्या बँकेचे कर्ज होते. माळावर नजर पोचेल तिथवर काळ्या काचा, सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला. माझ्या वर्गात हे दृश्य कधी दिसत नाही. पाऊस कमी, ऊन भरपूर, हे आमच्या तालुक्याचे जुने रडगाणे. त्या उन्हाला कुणी गिऱ्हाईक मिळेल असे कुणाच्या स्वप्नातही नव्हते.

पवनचक्क्यांविषयी मात्र मी फार आशेवर होतो. हॉलंड म्हणजे पवनचक्क्यांचा देश. आमच्याकडेही ब्राह्मणवेल, छडवेल भागातल्या पठारांवर त्या शेकड्यांनी आहेत. त्यांच्या चक्क्या जमिनीतले पाणी उपसून समुद्राला परत करण्यासाठी होत्या, आमच्या वीज करतात. पण चक्की ती चक्की. मित्राला म्हटले, "आता बघ, तुला घरी आल्यासारखं वाटेल." पाहतो तो काय, सगळ्या उभ्या! एकही पाते हलेना. हा वारा वैशाखापासून श्रावण-भाद्रपदापर्यंत आमच्या घरांची कौले उडवतो. नेमका पाहुण्यापुढे त्याने मौन धरले. आमचा विद्यार्थी म्हणाला, "सर, हिवाळ्यात त्यांना सुटी असते." मित्र हसून हसून वाकला.

त्या चक्क्यांच्या पायथ्याशी भामेरचा किल्ला आहे. गावात शिरताना दगडी दरवाजाचे अवशेष लागतात, डोंगरात कोरलेल्या गुहा आणि पाण्याची टाकी आहेत. सुरतेहून येणारा माल कोंडाईबारीच्या घाटाने वर चढे, त्या वाटेवर नजर ठेवणारी ही जागा. आजही धुळे-सुरत महामार्ग जवळूनच जातो. मित्र एका टाक्याच्या काठावर बसला आणि पाणी किती खोल, झिरपते कुठून, याचाच विचार करू लागला. मी इतिहास सांगत होतो, त्याचे लक्ष नव्हते. बळसाण्याची बुराईकाठची जुनी दगडी मंदिरे वेळेअभावी राहिली. पुरातत्त्व खात्याने ती जपलेली आहेत, वाचकांपैकी कुणी इकडे आले तर त्यांनी ती चुकवू नयेत.

रात्री भरीत. याबाबतीत मला कुणाचीही भीती नव्हती. हिवाळ्यातली हिरवी, भली दांडगी वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजली, लाकडी पात्रात हिरव्या मिरचीसह ठेचली, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद दळून केलेली. सौ. मूळची सातारची. पहिली दोन वर्षे तिने या भाकरीला नाक मुरडले. आता माहेरी गेली की तिथल्यांना 'तुमच्या भाकरीत काही जीव नाही' म्हणून सुनावते. मित्राने चार भाकऱ्या खाल्ल्या. मग पाणी पिऊन तो एकदम गंभीर झाला, खिशातून एक किल्ली काढली आणि ताटाच्या बाजूला ठेवली.

"आईची जागा," तो म्हणाला. त्याची आई दोन वर्षांपूर्वी पुण्यात वारली. तेव्हापासून ती दोन खोल्यांची जागा बंद होती. "विकायचा जीव होत नाही. भाड्याने परक्याला द्यायची नाही. तुम्ही या. भाडं म्हणजे फक्त सोसायटीचा खर्च. मास्तर, तू वर्गात आम्हां सगळ्यांत हुशार होतास. किती दिवस इथे काढणार? पुण्यात कुठेतरी मिळेलच. आणि मुलीचं बघ. वहिनी, तुम्ही तरी सांगा याला."

वाचकहो, एक गोष्ट कबूल करतो. गेली अठरा वर्षे दर दिवाळीला आम्ही नवराबायको 'पुढच्या वर्षी पुणे' असे म्हणत आलो आहोत. इतर लोक 'शुभ दीपावली' म्हणतात तसे आम्ही हे म्हणतो. जागा नाही, ही आमची ठरलेली सबब होती. आता ती सबब किल्ली होऊन ताटाशेजारी पडली होती. सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी तिच्याकडे पाहिले. कन्या ताटात पाहत होती. मग सौ. म्हणाली, "भावजी, ताक घ्या." किल्ली रात्रभर तिथेच राहिली.

मला झोप लागली नाही. अशा वेळी मी स्वतःला थोरांची उदाहरणे देतो. मास्तरांची ती खोडच असते. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच गेले, आणि त्यांचे कागद सांभाळणारे संशोधन मंडळ धुळ्यातच उभे राहिले. साने गुरुजी कोकणातल्या पालगडचे, पण शिक्षक झाले ते अमळनेरला. विनोबांनी 1932 साली गीतेवरची प्रवचने दिली ती धुळ्याच्या तुरुंगात, आणि उतरून घेतली साने गुरुजींनी. मोठी माणसे खानदेशात येऊन मोठी कामे करून गेली. आणि मी? मी अठरा वर्षांत काय केले, तर लाल शाईने वर्तुळे काढली.

हे वर्तुळांचे प्रकरण सांगायला हवे. इथली बोली अहिराणी. 'आहे' म्हणायचे तिथे 'शे', 'मला' ऐवजी 'माले', 'घरात' ऐवजी 'घरमा'. 'ळ' तिला मानवत नाही. डोळा तिथे 'डोया' होतो. ग्रिअर्सनसाहेबांनी भारतातल्या भाषांची पाहणी छापली तेव्हा खानदेशीला मराठीच्या खंडात जागा दिली नाही. नवव्या खंडात भिल्ली बोलींच्या शेजारी 1907 साली बसवले. पंडितांचे त्यावरचे वाद वेगळे. मी पंडित नाही, पेपर तपासणारा माणूस आहे. मुले उत्तरपत्रिकेत 'कवी दुःखी शे' असे लिहून जातात आणि मी त्या 'शे'भोवती वर्तुळ काढतो. एकदा एका मुलीने वर्गात उभे राहून विचारले होते, "सर, 'डोळ्यांत पाणी आले' हे पुस्तकात येतं. घरात आमच्या 'डोयामा पानी उनं' असं येतं. मग रडताना कोणतं लिहायचं?" वर्ग हसला. मीही हसलो, आणि पुढचा धडा काढला. त्या मुलीचे नाव मला आठवत नाही, प्रश्न आठवतो. माझ्या घरातही दंडक होता: उंबऱ्याच्या आत 'शे' नाही.

रविवारी कन्या हट्टाने आमच्याबरोबर निघाली. जीप पिंपळनेरच्या रस्त्याला लागली. पश्चिमेकडे डोंगर जवळ येऊ लागतात तशी हवा बदलते. कपाशीचे माळ मागे पडतात, पुढे आदिवासी पाडे सुरू होतात. मी आमळीच्या कन्हैयालाल महाराजांच्या कार्तिकीच्या यात्रेचे वर्णन करीत होतो. मित्राने मधेच विचारले, "राईनपाडा इकडेच ना?"

जीपमध्ये शांतता पसरली. 1 जुलै 2018, तोही रविवारच होता, आणि बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे, भिक्षा मागत फिरणारी, बहुतेक मंगळवेढ्याकडची, राईनपाड्यात आली होती. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून गावोगाव पसरलेली. लोकांनी त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन ठार मारले. माझ्या मित्राने ती बातमी डेल्फ्टमध्ये वाचली होती, आणि तालुक्याचे नाव पाहून त्याने त्या दिवशी मला फोन केला होता. मी तेव्हा काहीतरी बोलून फोन ठेवला होता.

"हो, इकडेच," मी म्हणालो. "यादीत नव्हतं."

आमचा विद्यार्थी समोर पाहत गाडी चालवत राहिला. थोड्या वेळाने तो म्हणाला, "त्यांची बोली वेगळी होती सर. कुणाला त्यांच्याशी नीट बोलता आलं नाही. त्यांनाही आमच्याशी."

डेल्फ्टमध्ये प्रिन्सेनहोफ नावाचा जुना वाडा आहे. 1584 साली तिथे त्यांच्या राष्ट्रपित्याचा, विल्यम ऑफ ऑरेंजचा, खून झाला. भिंतीला पडलेल्या गोळ्यांच्या खुणा काचेआड जपून ठेवलेल्या मी पाहिल्या होत्या. मित्राने मला त्या अभिमानाने नव्हे, पण न लपवता दाखवल्या होत्या. ते मला आठवले, त्यालाही आठवले असावे. कुणी बोलले नाही.

पिंपळनेरच्या अलीकडे पांझरेकाठी विद्यार्थ्याचे गाव आहे. तिथे त्याच्या आजोबांनी आम्हांला शेतावर नेले, आणि माझ्या मित्राची समाधीच लागली. नदीत आडवा एक जुना दगडी बंधारा, फारसा उंच नाही. त्याच्या कडेने पाट निघालेला, पाटातून चाऱ्या. पाणी आपल्या पायांनी चालत शेतात जाते. पंप नाही, इंजिन नाही. ही फड पद्धती. पांझरेच्या खोऱ्यात आणि शेजारी नाशिककडच्या मोसम-आरम नद्यांवर ती तीन-चारशे वर्षे चालत आली. बंधाऱ्याखालची जमीन बहुधा चार फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. कोणत्या फडात काय, हे सगळे मिळून ठरवणार आणि दर वर्षी फिरवणार. प्रत्येकाचा तुकडा जमेल तितक्या फडांत असतो. म्हणून पाणी कमी पडले आणि एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर एकाच्या घरची चूल विझत नाही. थोडी थोडी सगळ्यांची मंदावते. पाणी सोडायला पाटकरी, पिकावर नजर ठेवायला जागल्या. त्यांची मजुरी सगळ्यांनी द्यायची. पाट साफ करायला वर्षातून एकदा सगळ्यांनी फावडे घेऊन यायचे. वर लाटीपाड्याला धरण झाले, गावोगाव विहिरी आणि पंप आले, ऊस वाढला, आणि बहुतेक ठिकाणी ही घडी विस्कटली. काही गावांनी अजून धरून ठेवली आहे.

मित्र पाटाच्या काठावर उकिडवा बसला होता. म्हणाला, "अरे, ही तर आमची पाणीमंडळं!" डेल्फ्टच्या भागाचे पाणी सांभाळणारे डेल्फलँडचे मंडळ तेराव्या शतकापासून चालू आहे. तिथे प्रश्न पाणी घालवण्याचा, इथे ते पुरवण्याचा. पण बांध एकाचा फुटला तर बुडणार सगळे, म्हणून शेतकऱ्यांनीच एकत्र येऊन पाण्याचे राज्य चालवायचे. आजही तिथे त्या मंडळाच्या वेगळ्या निवडणुका होतात, वेगळा कर असतो. मित्राने आजोबांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. आजोबांना त्याचे पुणेरी मराठी कळेना, त्याला आजोबांची अहिराणी कळेना. मी मध्यस्थी करायला पुढे झालो. 'पाळी', 'आवर्तन', 'उपलब्धता' असे शब्द मी वापरले. आजोबा माझ्याकडे आदराने पाहत राहिले, पण उत्तर देईनात.

तेव्हा मागून आवाज आला, "आबा, पानी कमी व्हयनं तं?"

आजोबा एकदम खुलले. "तं समदासले कमी!" आणि मग म्हणाले, "कोनी पोर शे व तू?"

"मी सरनी आंडेर शे, आबा. आम्ही साक्रीमा ऱ्हातस."

वाचकहो, ती माझी मुलगी होती. मी तिला जन्मापासून ओळखतो. पण त्या पाटावर उभी राहून, कमरेवर हात ठेवून जी मुलगी बोलत होती, तिचा आवाजही मला नवा वाटला. घरातल्यापेक्षा मोठा, मोकळा, थोडा उर्मट सुद्धा. अवंदा कोणत्या फडात काय लावले आहे, पाटकरी पाणी 'कव्हय' सोडतो, भांडण झाले तर कोण मिटवतो, सगळे तिने विचारले आणि काकांना समजावून सांगितले. आजोबांनी काहीतरी विनोद केला, ती खदखदून हसली. तो विनोद मला कळला नाही. अर्धा तास मी बांधावर पाहुण्यासारखा उभा होतो.

परतताना ती पुढे विद्यार्थ्याशेजारी बसली. मी मित्राला म्हटले, "ही कधी शिकली, मला ठाऊक नाही."

"शिकली नाही," मित्र म्हणाला. "ती इथली आहे. तू नाहीस." मग बऱ्याच वेळाने, खिडकीबाहेर पाहत तो म्हणाला, "माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. त्याच्या शाळेत पालकांची सभा असली की तो आईला घेऊन जातो. माझे डच उच्चार ऐकून पोरं हसतात म्हणे. घरात तो माझ्याशी मराठी बोलतो. अगदी शुद्ध, मी शिकवलेली. ती तो माझ्यासाठी बोलतो, जसं म्हाताऱ्या माणसाशी हळू बोलावं. एकदा मी बाजारात त्याला मित्रांबरोबर पाहिलं. तो मला दिसला, मी त्याला दिसलो नाही. असाच, हात कमरेवर ठेवून बोलत होता." तो हसला. "मी घरी परत गेलो. भाजी न घेताच."

घरी आलो तेव्हा किल्ली ताटाजवळून उठून कोनाड्यात, देवांच्या शेजारी गेली होती. सौ.ने ठेवली होती. तिला मी दुपारची हकिकत सांगितली. ती म्हणाली, "मला ठाऊक आहे. शेजारच्या काकूंशी ती तशीच बोलते. मीसुद्धा बोलते. तुम्ही कॉलेजला गेलात की."

म्हणजे माझा दंडक इतकी वर्षे फक्त मीच पाळत होतो.

रात्रीच्या गाडीने मित्र निघाला. सौ.ने नागलीचे पापड, बिबड्या आणि ठेच्याची बरणी दिली. बरणी तिने अगदी माझ्या आईसारखीच बांधली होती. त्याने किल्लीचे काढले नाही. मीही काढले नाही. स्टँडवर धुके होते, गाडी लागलेली होती, टपरीवाल्याने पुन्हा चहा पाजला आणि पुन्हा पैसे घेतले नाहीत. मित्र खिडकीत बसला. कंडक्टर ओळखीचा, तोही माझा विद्यार्थी निघाला, या गावात कुणीही निघतो. त्याने विचारले, "सर, तुम्ही बी पुन्याला का?"

काय झाले कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेले, "नही. पाव्हना उना व्हता, आते जाई राहिना."

कंडक्टर थबकला. टपरीवाल्याने मान वर केली. कन्येने कपाळावर हात मारून घेतला.

"बाबा! 'उना' नाही, 'उनात'. आणि 'राहिना' नाही, 'राहिनात'. पाहुण्याला मान द्यायचा असतो ना!"

खिडकीतून मित्र मोठ्याने हसत होता. "म्हण की पुन्हा!" तो ओरडला.

मी पुन्हा म्हटले. कंडक्टरने घंटी मारली.